मेलेल्या माणसाने सांगितलेलं हवामान

एलर्ट हुसबीला इंग्रजी ऐकता यायचं, वाचता यायचं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते यातूनच झालं, आणि त्यात तोंड माझं होतं.

मी त्याची शेजारीण, गुनवोर. स्कार्वनेसच्या मासळीच्या कारखान्यात बावीस वर्षं सुरी चालवली, युनियन चालवली, कारखाना बंद करायला आले तेव्हा अकरा दिवस दाराला पाठ लावून बसले. इंग्रजी मी शाळेत शिकले नाही. आमचे मालक परदेशी. आम्हाला कळू नये अशी पत्रं ते इंग्रजीत लिहायचे. मग शिकले. त्यामुळे एलर्टची कागदपत्रं माझ्याकडे आणि माझं बर्फ उपसणं त्याच्याकडे, असा आमचा रिवाज होता.

एलर्ट जन्मला तेव्हा लढाईत जळालेलं गाव पुन्हा बांधून व्हायचं होतं. सातवी झाली आणि तो बोटीवर गेला. एकोणिसाव्या वर्षी दोरी ओढायच्या चरख्यात डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्यानंतर त्याला बोटीवर कॉफी करणं आणि रेडिओजवळ बसणं यापलीकडे काम उरलं नाही, आणि तिथेच त्याला ती खोड लागली. समुद्राकाठी मीडियम वेव्हवर लांबलांबची स्टेशनं येतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण खरखरीतून एखादं दोन खोल्यांचं स्टेशन वेचून काढायचं, तेही समुद्र, बर्फ आणि अर्धी पृथ्वी ओलांडून आलेलं, हे वेगळंच. त्याला तास न् तास कान लावून बसावं लागतं. बायको हेर्दिस तेवढ्यानेच गेली. जाताना म्हणाली, "बोलिव्हियातला माणूस खोकला तर तुला ऐकू येतं. मी पाच वर्षं काय म्हणतेय ते येत नाही." हे एलर्ट स्वतःच दुकानात उभा राहून हसत सांगायचा. ऐकणारेही हसायचे. तो घरी गेला की जरा जास्त हसायचे.

या खोडीत नुसतं ऐकून भागत नाही. किती वाजता, कोणती जाहिरात, कोणाचं नाव, हवामान काय सांगितलं, हे सगळं त्या स्टेशनला लिहून कळवायचं. तिथलं माणूस आपल्या वहीशी ताडून बघतं आणि पटलं तर "होय, ते आम्हीच" असं पत्र पाठवतं. त्याला पोच म्हणतात. पोच आली तर तुम्ही ऐकलंत. नाही आली तर थंडीत बसून तुम्ही नुसते कान गार केलेत. एलर्टच्या स्वयंपाकघराची एक अख्खी भिंत अशा पत्रांची होती, तारखेच्या क्रमाने टाचण्यांनी लावलेली. तीनशे अकरा. त्यातलं एकही त्याला वाचता येत नव्हतं, पण कोणतं कुठलं आणि त्या दिवशी आवाज कसा येत होता, हे भिंतीकडे पाठ करून सांगायचा.

गावाबाहेर किनाऱ्यावर दूरश्रोता मंडळाचं खोपटं आहे. मंडळ दक्षिणेकडचं. इंजिनियर, मास्तर, एक दातांचा डॉक्टर. ऑक्टोबर ते मार्च आठवडे वाटून घेऊन ते येतात. खोपट्यापासून आठ तारा निघतात, प्रत्येक किलोमीटरभर लांब, गुडघ्याच्या उंचीच्या काठ्यांवरून. एक अमेरिकेकडे तोंड करून, एक जपानकडे, अशा. उन्हाळ्यात रेनडियर त्यात पाय अडकवतात म्हणून तारा एप्रिलमध्ये गुंडाळायच्या आणि सप्टेंबरात पुन्हा ओढायच्या. हे काम बावीस वर्षं एलर्टने केलं, आठ बोटांनी. वादळानंतर सगळ्या तारा पायी तपासायच्या, तेही त्यानेच. पगार नव्हता. खोपट्याची किल्ली होती, आणि मंडळाच्या यादीत नाव होतं. कोणी काय ऐकलं त्याची यादी दर मे महिन्यात छापून येते. तिच्यात एखादं स्टेशन युरोपात सगळ्यांत आधी ऐकणाऱ्याचं नाव ठळक अक्षरात असतं. एलर्टचं नाव यादीत होतं, ठळक एकदाही नव्हतं. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला आयुष्यात आता एवढंच हवं होतं. हसायचं तर हसा. दक्षिणेत लोक याहून फालतू गोष्टींसाठी मरतात आणि त्यांना पदकं मिळतात.

त्या नोव्हेंबरात मी खोपट्यावर माशाचं कालवण घेऊन गेले होते. आत मंडळाचे चौघे, प्रत्येकापुढे कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यात एलर्ट, त्याच्या जुन्या रेडिओच्या डब्यापुढे. आता कोणी बसून ऐकत नाही. यंत्र सगळी मीडियम वेव्हच एकदम डिस्कवर भरून घेतं. मग घरी जाऊन महिनोन् महिने तीच ती वेळ पुन्हा चालवायची आणि स्टेशनं शोधायची. यात पटाईत म्हणजे गाउटे. चाळिशीचा, दाढी कोरलेली, लोकरी स्वेटर एवढा महाग की त्याच्यासोबत मेंढीही येत असेल.

"एलर्ट, अरे तो तुझा डबा म्युझियमला दे," गाउटे म्हणाला. "मी तुला माझं जुनं यंत्र देतो."

"नको. तुम्ही ऐकत नाही, गाउटे. तुमचं यंत्र ऐकतं. तुम्ही नंतर गोधडीत बसून वाचता."

बाकीचे हसले. गाउटे हसला नाही. "मग कानाला कळतं आणि यंत्राला नाही, असं काय आहे?"

"आवाज लांबून आलाय की जवळून, ते कळतं," एलर्ट म्हणाला. "लांबचा आवाज डुलतो. लाटेसारखा वर येतो, खाली जातो."

इथे गप्प बसायचं होतं मी. बसले नाही. "आमच्या माणसाचे दोन कान तुमच्या चार यंत्रांच्या तोंडात मारतील," म्हणाले. "या मोसमात बघाच. आणि तू रे गाउटे, तू स्वतः बसून ऐकलेलं एक तरी स्टेशन सांग मला."

"बघू या की, गुनवोर," गाउटे म्हणाला, आणि कालवण वाढून घेतलं. दोनदा वाढून घेतलं.

डिसेंबरात आमच्याकडे दुपारी एकलाही दिवे लावावे लागतात, आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडची स्टेशनं नेमकी त्याच वेळी येतात. त्या दुपारी एलर्ट माझ्याकडे टोपी न घालता आला. वीस वर्षांत मी त्याचं टक्कल हिवाळ्यात पाहिलं नव्हतं.

"गुनवोर, पेन घे. पेन घे आधी, मग बोल."

मीडियम वेव्हवर बाराशे तीसच्या आकड्यावर शंभरेक लहान स्टेशनं एकमेकांच्या अंगावर चढून बोलतात. आमच्याकडे तिथे गोंगाटापलीकडे काही ऐकू येत नाही. त्यातून एक आवाज वर आला होता. हार्लन क्रीक, कॅनडात, डोंगराच्या मागे. युरोपात ते कोणी ऐकलेलं नव्हतं. निदान यादीत तरी कोणी नव्हतं. एलर्टने खोपट्यावरच्या तारेवरून थेट कॅसेटवर घेतलं होतं आणि शिसपेन्सिलीने वहीत टिपलं होतं, जसं ऐकू आलं तसं, आपल्या अक्षरांत. स्टेशनचं नाव दोनदा. लॅचमन बंधूंचं हार्डवेअरचं दुकान, बर्फ उपसायची फावडी स्वस्तात. उणे एकतीस. गिरणीचा रस्ता बंद. आणि शेवटी निवेदक खोकला आणि म्हणाला, "घरीच बसा, मंडळी. मी तर बसलोच आहे."

"घरीच बसा," एलर्ट परत म्हणाला. "मला म्हणाला. सव्वादोन मिनिटं, गुनवोर! एवढा वेळ कोणी देत नाही."

मी कळवायचं पत्र लिहायला घेतलं. वहीतली ओळ न् ओळ तो वाचून दाखवत होता. शेवटची ओळ अशी होती: आवाज डुलत नव्हता. सरळ उभा.

"हे कशाला लिहायचं?" मी म्हणाले.

"होतं तसं लिहायचं. मला ते विचित्र वाटलं."

"अरे बाबा, तूच शंका काढलीस तर ते काय म्हणतील? चांगला आला म्हणून चांगला आला. सोड ते."

त्याने वही मिटली. मग म्हणाला, "बरं. इंग्रजी तुझं."

ती ओळ मी लिहिली नाही.

पत्र फेब्रुवारीच्या शेवटी आलं. पाकिटावर हार्लन क्रीकचा शिक्का. ते त्याने उघडलं नाही, मलाही हात लावू दिला नाही. मंडळाचा रिवाज असा की मोठ्या स्टेशनची पोच वार्षिक जेवणात सगळ्यांसमोर फोडायची. जेवण मार्चमध्ये, शाळेच्या सभागृहात. तीन आठवडे ते पाकीट त्याच्या खिडकीत उभं होतं. रस्त्याने जाताना मला दिसायचं. तो त्याच्याकडे तोंड करून जेवायचा.

जेवणाला ताजा कॉड, गाबोळी आणि माशाचं काळीज, नेहमीचं. आमच्याकडे त्याशिवाय मार्च होत नाही. मंडळाची एकोणीस माणसं, गावातली आम्ही पाच-सहा. अध्यक्ष प्रेबेन, तोच दातांचा डॉक्टर, चमच्याने पेला वाजवून म्हणाला, "आपला एलर्ट काहीतरी घेऊन आलाय असं ऐकतो."

एलर्ट उठला. लग्नातला कोट. पाकीट सुरीने नीट कापलं आणि माझ्या हातात दिलं. "वाच. मोठ्याने."

आणि मी वाचलं. सभा गाजवायची सवय लागलेली बाई, दम घेते कुठे! एका हाताने कागद, दुसरा हात कमरेवर, एक एक वाक्य आमच्या भाषेत करून, खणखणीत.

"प्रिय श्री. हुसबी. तुमचं पत्र मिळालं. एवढ्या लांब आमचा आवाज पोचला हे वाचून आम्ही सगळे थक्क झालो. तुम्ही लिहिलेली जाहिरात आमचीच. लॅचमन बंधूंचं दुकान आमच्या चौकातच होतं. ते गेल्या एप्रिलमध्ये जळालं."

कुठेतरी कोणीतरी नाकातून हसलं. मी थांबले नाही. पुढच्या वाक्यात सावरेल असं वाटलं.

"तुम्ही दिलेल्या दिवशी इथे पाऊस होता आणि तापमान शून्याच्या वर दोन. गिरणीचा रस्ता उघडा होता. आणि ज्यांचा आवाज तुम्ही ऐकलात, खोकून घरीच बसा म्हणणारे, ते माझे पती क्लिफर्ड. ते गेल्या ऑगस्टमध्ये वारले."

हसू आधी मागच्या टेबलावरून आलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण गाउटेचे खांदे मी दुकान जळाल्याचं वाचायच्या आधीपासून हलत होते. मग सगळं सभागृह. आपल्या गावचेसुद्धा. दुकानदार तर गाबोळीचा ठसका लागून लाल झाला.

"मेलेल्या माणसाचं हवामान!" कोणीतरी ओरडलं. "एलर्ट, वरती थंडी किती म्हणाला?"

"कान आहेत की कबरस्तान!"

एलर्ट उभाच होता. "अजून आहे का?" त्याने मला विचारलं.

होतं. ते मी हळू आवाजात वाचलं, आणि ते कोणी ऐकलं नाही. डोरीन नावाच्या त्या बाईने लिहिलं होतं: तुम्ही ध्वनिमुद्रण केलं असेल तर कृपा करून पाठवा. आमच्या लहान स्टेशनात काही जपून ठेवत नाहीत. माझ्याकडे त्यांचा आवाज कुठेच नाही. हे कसं झालं ते मी विचारणार नाही.

प्रेबेनने चमचा वाजवून सगळ्यांना गप्प केलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याहून वाईट, तो नियमाचा माणूस होता. "एलर्ट, कुठूनतरी जुनं मिळवून तू ऐकलं म्हणून लिहिलंस, असं मी म्हणत नाही. पण खोट्या पत्राला आपला नियम एकच आहे. नाव जातं, किल्ली जाते."

"मी ऐकलं," एलर्ट म्हणाला. "कॅसेट आहे माझ्याकडे. तुम्ही तपासा. त्या दिवशी माझ्या तारेवर ते होतं."

"मग दे. यातलं कळणाऱ्या माणसाकडून तपासून घेतो."

घरी येताना तो म्हणाला, "त्या बाईला आधी पाठवायला हवी ना?"

आणि मी म्हणाले, "आधी नाव. बाई कुठे पळत नाही. हे हरामखोर आज हसले ते तुझ्यावर नाही, आपल्या सगळ्यांवर हसले. आधी त्यांच्या तोंडावर मार ती कॅसेट, मग कॅनडाला पाठव." मग एवढंही म्हणाले, हे माझ्या बाजूने लिहून ठेवते, की शहरात जाऊन नक्कल करून घे आधी. त्याच्या यंत्रात एकच कॅसेट चालायची.

"माणसं आहेत ती, गुनवोर. चोर नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्याने कॅसेट प्रेबेनच्या हातात दिली. किल्लीही.

एप्रिलच्या शेवटी कॅसेट परत आली. सोबत चार ओळी: मंडळाच्या तज्ज्ञ सदस्याने तपासली. खरखरीव्यतिरिक्त काही आढळलं नाही. खाली त्या तज्ज्ञाचं नाव होतं. गाउटे.

एलर्टने ती लावली. मी शेजारी बसले होते. एका बाजूची पंचेचाळीस मिनिटं खरखर ऐकली, उलटी करून पंचेचाळीस मिनिटं ऐकली, मग पुन्हा पहिली बाजू लावली. "दोन्ही बाजूंना सारखीच आहे," तो म्हणाला. "हवेतली खरखर अशी सारखी नसते. ही पुसल्याची आहे."

"मग चल, आत्ता फोन लावते त्या मेंढीच्या..."

"काय सांगणार? की एलर्टला खरखर ऐकू येते?"

मे महिन्यात यादी छापून आली. त्याचं नाव गाळलेलं. आणि हार्लन क्रीकसमोर, ठळक अक्षरात, युरोपात प्रथम: गाउटे. तारीख एलर्टने ऐकलं त्याच्या आदल्या वर्षाच्या डिसेंबरातली. पोच येऊनही एखादं स्टेशन हवं तितके दिवस गुपित ठेवायची मुभा आहे त्यांच्यात. बहुतेकांचा तो आवडता खेळ.

यादी बघून मी अंदाज बांधला होता. पुरावा जूनमध्ये आला, त्या बिचाऱ्या बाईकडूनच. डोरीनचं दुसरं पत्र. कॅसेट मिळाली नाही, वाट बघते आहे. नवऱ्याचे कागद आवरताना सापडलं की तुमच्याच देशातल्या गाउटे नावाच्या गृहस्थांनीही आम्हाला लिहिलं होतं. तेच दुकान, तीच उणे एकतीस, तोच खोकला. क्लिफर्डने जाण्याआधी स्वतः सही करून त्यांना पोच पाठवली होती. मी त्यांनाही आवाजासाठी लिहिलं आहे, पण उत्तर नाही. तुम्ही त्यांना ओळखता का?

एलर्टने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग उठून वही काढली आणि डिसेंबरचं पान माझ्यापुढे धरलं. आवाज डुलत नव्हता. सरळ उभा.

"तारेच्या टोकाला होता गाउटे," एलर्ट म्हणाला. "मासे वाळवायच्या मांडवापाशी. गाडीत बसून एवढंसं प्रक्षेपण यंत्र जोडलं, आदल्या वर्षी भरून घेतलेलं त्यातून सोडलं, की झालं. त्या दिवशी त्याची गाडी तिथे होती, मी हात केला होता त्याला. त्यानेही केला."

ती ओळ पत्रात असती तर सभागृहात सांगता आलं असतं की बघा, याच्या कानाने तेव्हाच पकडलं होतं. आता वहीत होती. वहीत काय, कोणीही नंतर लिहू शकतं. एलर्ट याबद्दल मला कधीच काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मला लढण्याची एकच पद्धत येते. "तारा ओढू नकोस," म्हणाले. आठही तारा त्याच्या शेडमध्ये गुंडाळलेल्या होत्या. सप्टेंबर आला आणि गेला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात प्रेबेन, गाउटे आणि आणखी तिघे आले, किनाऱ्यावर नुसत्या काठ्या उभ्या बघून सरळ एलर्टच्या अंगणात आले. शेडला कुलूप. कुलपापुढे मी, सवयीने पाठ लावून. एलर्ट पायरीवर बसला होता.

"काय प्रकार आहे हा?" प्रेबेन म्हणाला.

मी डोरीनचं पत्र मोठ्याने वाचलं. गाउटेने पूर्ण होऊ दिलं नाही.

"गंमत होती! अरे, तूच म्हणालास ना, कानाला लांबचं-जवळचं कळतं म्हणून? जेवणातच सांगणार होतो. मग पत्र त्याच्या बायकोचं निघालं, आणि तो मेलेला. तो मेलाय हे मला काय माहीत! मग कसं सांगणार?"

"कॅसेट तू पुसलीस," मी म्हणाले.

"घाबरलो."

एलर्ट पहिल्यांदा बोलला. "ते राहू द्या. तुमच्या डिस्कवर खरं आहे ना, गाउटे? त्या हिवाळ्याचं, त्या माणसाचं. सव्वादोन मिनिटं तेवढी द्या. त्या बाईला पाठवतो. तारा आज संध्याकाळपर्यंत ओढून देतो. नाव नको मला."

आम्ही सगळे गाउटेकडे बघत होतो. तो आपल्या बुटांकडे.

"नाहीये," तो म्हणाला. "एप्रिलमध्येच पुसलं. कोणी मागितलं असतं तर... ते सापडायला नको होतं माझ्याकडे. सगळंच पुसलं मी."

खरं की खोटं, मला आजवर माहीत नाही. मी त्याच्या थोबाडीत मारली. एवढी एकच गोष्ट त्या वर्षात मी बरोबर केली, आणि तिचाही काही उपयोग झाला नाही.

"आता नियमाप्रमाणे काय?" मी प्रेबेनला विचारलं.

प्रेबेनने खरोखर विचार केला. चष्मा पुसला. "गाउटेला वर्षभर खोपट्यावर बंदी. हे फार वाईट झालं. पण त्याने ते स्टेशन खरंच ऐकलं होतं, गुनवोर. पोच खरी आहे. ते यादीत राहणार. आणि एलर्टने..." त्याने एलर्टकडे बघितलं, "एलर्ट, तू त्या दिवशी हार्लन क्रीक ऐकलं नाहीस. फसवला गेलास, पण पत्र तर खोटं गेलं. नियमात फसवल्याला सूट नाही. पुढच्या वर्षी अर्ज कर. मी स्वतः पाठिंबा देईन."

"बरोबर आहे," एलर्ट म्हणाला.

"काय बरोबर आहे!" मी ओरडले.

"मी ऐकलं नाही. बरोबर आहे ते." त्याने खिशातून शेडची किल्ली काढली आणि मला बाजूला करून कुलूप उघडलं. "तारा तुमच्या आहेत. घेऊन जा."

पाच माणसं तीन दिवस गारांच्या पावसात तारा ओढत होती. अमेरिकेची तार त्यांनी उलट्या टोकाने लावली. एलर्टला खिडकीतून दिसत होतं. त्याने सांगितलं नाही, आणि मीही नाही.

मग डोरीनला लिहायचं राहिलं होतं. मी म्हणाले, मी लिहिते. लिहीन की कॅसेट टपालात खराब झाली, पण एलर्टने शेवटपर्यंत ऐकली होती, आवाज स्वच्छ होता, तुमचा माणूस हसत होता. बाईला तेवढं तरी मिळेल.

"नको. झालं तसं लिही."

"एलर्ट, तिला काय मिळणार त्यातून?"

"माझं पत्र तिच्याकडे आहे. त्यात मी ऐकलं म्हटलंय. ते खोटं तिच्याकडे राहिलं आहे." त्याने वहीचं ते पान पुढे ओढलं, पट्टी लावली आणि हार्लन क्रीक ऐकल्याच्या नोंदीवर रेघ मारली. मग मला सांगत गेला आणि मी लिहीत गेले, काही न गाळता. की तो तुमच्या नवऱ्याचा आवाज त्या दिवशी हवेत नव्हता. की मला फसवायला एकाने तो जुना आवाज माझ्या तारेत सोडला. की आमची माणसं त्यावर हसली. की तुम्ही मागितला तेव्हा तो माझ्याकडे होता, आणि मी तुमच्याऐवजी आधी मंडळाला दिला, माझं नाव साफ व्हावं म्हणून. की आता तो कुठेच नाही. आणि शेवटी, आवाज डुलत नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं.

उत्तर जानेवारीत आलं. पातळ पाकीट, हार्लन क्रीकचा शिक्का. एलर्टने ते सुरीने कापून माझ्या हातात दिलं, सभागृहात दिलं होतं तसंच. फक्त आता तो बसला होता.

"वाच."

दोनच ओळी होत्या. दुसरं काहीतरी वाचलं असतं तरी त्याला कळलं नसतं. क्षणभर मी ते मनात जुळवलंही, चांगली चार वाक्यं. मग जे होतं ते वाचलं. या वेळी सावकाश वाचलं.

"श्री. हुसबी. मला हे सांगायची काही गरज नव्हती. कृपा करून पुन्हा लिहू नका."

"सही आहे?"

"आहे. डोरीन."

"तारीख?"

मी तारीख सांगितली. त्याने ड्रॉवरमधून टाचणी काढली आणि भिंतीशी गेला. भिंतीवर सगळ्यांत शेवटी एक जागा होती, गेल्या फेब्रुवारीपासून मोकळी ठेवलेली. डोरीनच्या पहिल्या पत्रासाठी, ते पोच ठरेल म्हणून. ती त्याने तशीच सोडली, आणि हे तिच्या पुढे लावलं.